कॅमेऱ्याची खोळ

आमच्या घरी कुणी उगाच गोड बोललं की आई आधी त्याच्या हातांकडे बघते, हा काय मागायला आला म्हणून. मीही तशीच निघाले. खाण तशी माती म्हणतात, ते आमच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे. आम्ही मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीकडच्या एका खेड्यातली बौद्ध माणसं. आईला शाळेत पाणी वरून ओतून मिळायचं, त्यामुळे जगाचा संशय घ्यायला तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. माझ्या वेळी असं उघड काही राहिलं नव्हतं. राहिलं असलं तर चहाच्या कपात. बालाघाटच्या कॉलेजात मी लॅबमध्ये कामाला लागले तेव्हा सगळ्यांसाठी चिनीमातीचे कप आले आणि मला कागदी ग्लास. कप कमी पडला असेल. असेलही. पण दुसऱ्या दिवशी मी घरूनच माझा कप घेऊन गेले, आणि कप खरंच कमी होता की नव्हता हे कळायची सोय मीच बंद करून टाकली.

नोकरी कंत्राटी होती, वर्षावर्षाने वाढणारी. विभागप्रमुख सरांचा एक प्रकल्प होता: धानाच्या मुळांत राहणारी बुरशी. बैहर आणि बिरसाकडच्या शेतांतून मुळं यायची, मी ती धुवायची, पातळ काप काढायचे, रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली फोटो घ्यायचे. त्या बुरशीला ठरावीक उजेड दिला की ती हिरवी चमकते, पण इतकी मंद की एकेका फोटोला बराच वेळ लागतो. साधा कॅमेरा तेवढ्या वेळात तापतो आणि नसलेले ठिपके दाखवायला लागतो. म्हणून आमच्याकडे थंड कॅमेरा आला होता. त्याच्या पोटात फोटो टिपणारी चकती असते, ती बर्फाहून गार ठेवलेली असते, आणि तिच्यापुढे एक काच. हिवाळाभर त्यानं असे फोटो दिले की सरांनी त्यांतले काही मोठे छापून व्हरांड्यात लावले. खाली माझं नाव नव्हतं, पण ते कुणी काढले हे सगळ्यांना माहीत होतं.

होळीच्या सुमारास शेजारच्या विभागातून एक पंखा चोरीला गेला. सरांनी हुकूम काढला की कॅमेरा रोज संध्याकाळी मायक्रोस्कोपवरून काढायचा आणि लोखंडी कपाटात ठेवायचा. एक किल्ली सरांकडे, एक माझ्याकडे. लॅबमध्ये एक कायम नोकरीवाला असिस्टंट होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा, सगळे त्याला भैया म्हणायचे. किल्ली त्याला न देता मला दिली, हे त्याच्या घशाखाली उतरलं नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलू लागला.

मी घरी आईला सहज म्हटलं, एवढं नाजूक, थंड ठेवावं लागणारं यंत्र, पण कपाटात लोखंडाच्या फळीवर उघडं पडून राहतं. दोन-चार दिवसांनी मी घरी आले तर ती शिलाई मशीनवर बसलेली आणि समोर बाबांचा काळा कोट, कापलेला.

बाबांनी जन्मात एकच कोट शिवून घेतला होता, तुमसरच्या एका शिंप्याकडून. लग्न, विहारातला एखादा मोठा कार्यक्रम, माझी कॉलेजातली अॅडमिशन, एवढ्याच वेळा तो पेटीतून बाहेर आला असेल. बाबा गेल्यावर तर कधीच नाही. मी ओरडले.

"आई, बाबाचा कोट कापला तू?"

"मंग पेटीत ठेवून काय करू त्याचं? तुह्या मशिनीले थंडी वाजते म्हणत होती ना तू?"

"थंडी वाजत नाई वो. तिले थंड ठेवा लागते."

"एकच झालं. हा पाह्य, खिसा समोर ठेवला. चष्म्याच्या कपड्यावाणी तुहा तो कपडा असते ना, तो यात ठेवजो."

खोळ चांगली ऐसपैस झाली होती, मायक्रोस्कोपसकट कॅमेरा झाकेल एवढी. काळी, अस्तर लावलेली, समोर बाबांच्या कोटाचा खिसा. मी ती लॅबमध्ये नेली आणि रोज संध्याकाळी कॅमेरा तिच्यात गुंडाळून कपाटात ठेवू लागले. खरं सांगते, कपाट बंद करताना मला फार बरं वाटायचं.

काही दिवसांनी फोटोंच्या मधोमध दुधासारखा एक डाग दिसू लागला. आधी मी स्लाइडवर संशय घेतला. स्लाइड सरकवली, मुळं सरकली, डाग जागचा हलला नाही. मग कॅमेरा त्याच्या जागेवरच थोडा फिरवला. चित्र फिरलं, पण डाग पडद्यावर होता तिथेच. म्हणजे दोष मायक्रोस्कोपच्या भिंगांत नाही, कॅमेऱ्याच्याच अंगात आहे. चोर शोधायची ही रीत मला आवडते. एकेकाला खोलीबाहेर काढत जायचं, शेवटी जो आत उरेल तो चोर.

कॅमेरा कंपनीच्या नागपूरच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"मैडम, किसी ने कैमरा खोला है क्या?"

"नहीं."

"पक्का? क्योंकि ये नमी का केस है। अंदर की हवा सूखी रहती है, खोलो तो नमी घुसती है, फिर ठंडे पर जमती है।"

उकाड्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसंच हे. ते मला कळत होतं. मला खटकला तो त्याचा पहिला प्रश्न. खोला है क्या? हे याच्या कानात कुणी घातलं? आदल्याच दिवशी भैया कपाटाजवळ उभा दिसला होता, आणि मला बघून उगाच बाटल्या पुसायला लागला होता. माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

इंजिनियरनं एक काम करायला सांगितलं. कॅमेऱ्याच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याखाली ओल शोषून घेणारे दाणे असतात. कोरडे असतात तोवर निळे, ओल प्यायले की गुलाबी. झाकण उघडून बघितलं तर दाणे निळेच. म्हणजे आत ओल नाही. पण मी दाण्यांवरही विश्वास ठेवला नाही. लॅबच्या ओव्हनमध्ये ते पुन्हा खरपूस वाळवले आणि परत भरले. डाग आलाच.

मग माझी नजर कूलरवर गेली. भैयानं एप्रिलपासून खिडकीत वाळ्याचा कूलर लावला होता, आणि दर तासाला बादलीनं पाणी भरून त्याचं तोंड यंत्रांकडे करायचा. मशीन को ठंडा अच्छा लगता है, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, हीच ओली हवा. कूलर बंद करा. बालाघाटात एप्रिलच्या उन्हात कूलर बंद करायला लावणारी बाई किती लाडकी होते, ते सांगायला नको. सर, भैया आणि मी, तिघंही घामानं निथळत बसायचो.

"मैडम को पसीना पसंद है," भैया खिडकीला म्हणाला.

कूलर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर गरम वाऱ्याची लू चाललेली. भिंतीवरच्या, हवेतली ओल मोजायच्या घड्याळाचा काटा कोरड्याच्या टोकाला टेकलेला. आणि फोटोत डाग तसाच. आता तर त्यातून बारीक सुया फुटल्यासारख्या दिसू लागल्या होत्या.

सर रागावले की हिंदीत बोलतात. एरवी आमच्याचसारखी इकडची मराठी. त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मैडम, एक बात पूछूँ, बुरा मत मानना। आपने कैमरा खोला था?"

मी नाही म्हटलं. मेअखेरपर्यंत फोटो नाही गेले तर प्रकल्प पुढे चालणार नाही, आणि प्रकल्प नाही तर माझी जागा नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. या लॅबमध्ये मला जागा आहे की नाही, हे यांनी कधीच ठरवलंय आणि कॅमेरा फक्त निमित्त आहे, असं मला वाटलं. त्या दुपारी मी माझा कप धुतला आणि घरी न्यायला पिशवीत टाकला. मग परत काढला. कप घेऊन गेले असते तर कॅमेरा मीच खोलला असा अर्थ सगळ्यांनी काढला असता.

मे महिन्यात एका दुपारी भैया कुणाच्या लग्नाला गेला होता, सर मीटिंगमध्ये होते. खोलीत मी एकटी. मी कॅमेरा नेहमीसारखा थंड केला, डाग येईपर्यंत थांबले, आणि जे करू नये म्हणतात ते केलं. गार असतानाच तो मायक्रोस्कोपवरून सोडवला आणि टॉर्च तिरका धरून काचेवर बघितलं. सुया होत्या. पांढऱ्या, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या. आणि त्या काचेच्या बाहेरच्या अंगाला होत्या.

मला एकदम हायसं वाटलं. बाहेरच्या अंगाला म्हणजे आत काही घुसलं नाही. म्हणजे कॅमेरा कुणी खोललाच नाही. मी नाही, भैयाही नाही.

मग मी थंडावा बंद केला आणि सुया विरघळायची वाट बघत बसले. दंव असतं तर त्याचा थेंब झाला असता. थेंब काही होईना. काच कोमट झाली तरी सुया कोरड्याच, नुसत्या हळूहळू विरळ होत चाललेल्या. कापसाची काडी हलकेच फिरवली, कापूस ओला झाला नाही. तो तळहातावर चोळला आणि नाकाशी नेला.

डांबराची गोळी.

मी तडक सिंककडे बघितलं. मोरीतून झुरळं येतात म्हणून भैया सिंकमध्ये मूठभर डांबराच्या गोळ्या टाकून ठेवायचा. तो वास आमच्या लॅबला कायमचाच होता, त्यामुळे कुणाच्या नाकाला कळत नव्हता. या गोळ्या उडून जातात हे मला माहीत होतंच, सगळ्यांनाच माहीत असतं. पेटीत ठेवलेली गोळी वर्षभरात शेंगदाण्याएवढी होते. उडते ती कुठेतरी जाणारच, आणि गार काच दिसली की तिथे बसणार. सापडला! मी गोळ्या गोळा करून बाहेर फेकल्या, सिंक घासलं आणि दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. सर मीटिंगहून आल्या आल्या त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी भैया आला तर सरांनी त्याला माझ्यासमोरच झापलं. त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही, चांगलंच बरं वाटलं.

आणि त्याच सकाळी कॅमेरा लावला तर सुया परत हजर.

आता मात्र मी घाबरले. सिंक धुतलेलं, वारा रात्रभर खेळलेला, मग वास येतो कुठून? खोलीत नव्हता. कपाट उघडलं तर भपकारा आला. कपाटात सिंक नव्हतं. कपाटात रात्रभर कॅमेरा होता आणि त्याची खोळ. मी खोळ उचलली आणि तोंडाशी धरली.

त्या वासाला मी लहानपणापासून बाबांचा वास समजत आले होते. पेटी उघडली, कोट बाहेर आला, बाबा तयार झाले, की घरभर हाच वास. कोटात बाबा असायचे तेव्हाही हाच आणि नसायचे तेव्हाही हाच. बाबा गेल्यावरही आई दरवर्षी पेटीत नव्या गोळ्या टाकायची, लोकरीला कसर लागू नये म्हणून. ते वर्षानुवर्षांचं डांबर लोकरीत मुरलेलं. उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडी कपाटात मी त्या खोळीत रोज कॅमेरा गुंडाळत होते, पुढचं तोंड उघडं ठेवून. ती हवा कॅमेऱ्याच्या पुढच्या नळीत भरून राहायची आणि सकाळी मी ती तशीच मायक्रोस्कोपवर आवळून बसवायची. पोटात ओल नव्हतीच. बाबांच्या कोटातलं डांबर काचेवर येऊन बसत होतं. मी सगळ्या जगावर संशय घेतला, कूलरवर, दाण्यांवर, इंजिनियरवर, भैयावर, आणि भूत निघालं घरच्याच पेटीत. मी खोळ तोंडाला लावून तिथेच रडले. राग कुणावर काढावा हेच कळेना.

खोळ गुपचूप पिशवीत घालून घरी नेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. सिंकमधल्या गोळ्यांवर सगळं खपून गेलं असतं. पण भैया कोपऱ्यात मान खाली घालून तेच सिंक परत घासत होता. मी सरांना बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं की सुया सिंकमधल्या गोळ्यांच्या नव्हेत, माझ्या खोळीतल्या वासाच्या आहेत. नळी पुसली, दिवसभर मोकळी ठेवली, कॅमेरा नुसत्या सुती कपड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी फोटो हिवाळ्यातल्यासारखा स्वच्छ आला.

"हे तर झालं," सर म्हणाले. "ती खोळ मात्र घरी घेऊन जा."

साधं वाक्य होतं. मी खोळ घेऊन घरी आले.

आईनं ती ओट्यावर पडलेली बघितली.

"वापस काहून आणली?"

"तिच्या वासानं मशीन खराब होऊन राह्यली आई."

"वासानं?" आईनं हातातलं ठेवून दिलं. "कायचा वास येते त्याईले? कोटाचा, का आपला?"

तिला तसं वाटलं यात नवल नव्हतं, सरांचं वाक्य ऐकताना मलाही क्षणभर तसंच वाटून गेलं होतं. मी नुसतं समजावलं असतं तर तिला पटलं नसतं. लेक साहेबांची बाजू घेते, असं ती म्हणाली असती. मग मी स्टीलच्या उभ्या डब्यात एक डांबराची गोळी टाकली, डबा अंगणातल्या उन्हात ठेवला, वर ताटली झाकली आणि ताटलीत फ्रीजमधला बर्फ. आई हाताची घडी घालून, मी तिला फसवतेय अशा नजरेनं, बाजूला बसून राहिली. बऱ्याच वेळानं मी ताटली उचलून उलटी केली. खालच्या अंगाला पांढऱ्या सुया.

आईनं त्यावर बोट फिरवलं, चोळलं, हुंगलं.

"हौ," ती म्हणाली. "गोळीच आहे."

मग म्हणाली, "मंग हे धुवून देतो मी. वास गेला की घेऊन जाजो. घेतली तर घेतली. नाई घेतली तर मले समजते."

रिठ्याच्या पाण्यात खोळ धुतली गेली. मग गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, अस्तर बाहेर काढून. आई दिवसातून कितीदा तरी वर जाऊन हुंगून यायची. शेजारणीलाही तिनं हुंगायला लावलं, आपल्या नाकावर भरवसा नको म्हणून. एक दिवस तिनं खोळ घडी करून माझ्या पिशवीत ठेवली आणि वर डबा ठेवला.

तोवर महिनाअखेरीचे फोटो गेले होते, पण माझ्या जागेबद्दल सर अजून काही बोलले नव्हते. खोळ नको म्हणाले तर आईला काय सांगायचं, हे मी रस्ताभर ठरवत होते. खोटं बोलायचं तर तिच्यासमोर टिकणार नाही, हेही माहीत होतं.

सर लॅबमध्येच होते. मी खोळ टेबलावर ठेवली. "धुतली आहे. वास गेला आहे. पाहिजे तर बघा," एवढंच म्हटलं, आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिले.

सरांनी चष्मा काढला. खोळ दोन्ही हातांनी उचलली, चेहऱ्यावर धरली आणि डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला. बाबांच्या कोटात त्यांचं सगळं तोंड बुडालं होतं. मग त्यांनी ती उलटी करून अस्तरही हुंगलं.

"नाई येत," ते मराठीत म्हणाले. "कोट कोणाचा होता?"

"बाबांचा."

"कपडा चांगला आहे." त्यांनी कॅमेऱ्याला हात लावून बघितला, गार नव्हता. "आता रोज काढत नका जाऊ मॅडम. राहू द्या वरच. पुढच्या वर्षीही तुम्हालेच वापरायचा आहे." आणि त्यांनी स्वतः खोळ उघडून मायक्रोस्कोपवर वरून घातली, खाली ओढली, कोपरे सारखे केले. मी मोबाइल काढून फोटो घेतला. ते हसले, म्हणाले, याचा फोटो कायले? मी म्हटलं, घरी दाखवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडताच मी आधी काचेवर टॉर्च मारला. काच स्वच्छ होती.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी आई दारातच उभी होती.

"घेतली?"

"घेतली."

"कोनं घातली? तूनंच घातली असन."

"सरांनी घातली. स्वतःच्या हातानं."

"खोटं बोलून राह्यली."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. फोटोत सरांचा चेहरा आला नव्हता, नुसते हात आणि खोळ. आईनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, डोळ्यांजवळ नेलं, इकडून तिकडे सरकवत राहिली.

"खिसा मांगं केला त्याईनं," ती म्हणाली. "उलटी घातली."

मी बघितलं. खरंच, खिसा भिंतीच्या बाजूला गेला होता.

"तू असती तं उलटी घातली नसती," आई म्हणाली. तिनं पदरानं मोबाइलची काच पुसली आणि पुन्हा बघितलं. "हौ. मंग त्याईनंच घातली."